परदेशी गेलेल्या मजुराची कमाई कोणाची?

वर्षावासानिमित्त भरलेल्या उपासक-उपासिकांच्या सभेत दिलेले व्याख्यान



आज आपणांपुढे मी कोणत्याही गहन तत्त्वाचा ऊहापोह करणार नाही. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आपल्या घराघरांत ज्याची चर्चा होते, त्याच विषयावर मला बोलावयाचे आहे. तो विषय म्हणजे दूर गेलेल्या माणसाकडून घरी येणारा पैसा. आपल्या आजोबांच्या पिढीत तो पोस्टमनच्या पिशवीतून मनिऑर्डरच्या रूपाने येत असे. मुंबईच्या गिरणीत, गोदीत वा रेल्वेत राबणारा घरधनी पाच-दहा रुपये पाठवी आणि त्यावर कोकणातले, देशावरचे एक कुटुंब महिनाभर तग धरी. आता तो पैसा मोबाईलच्या घंटेसरशी बँकेच्या खात्यात जमा होतो. साधन बदलले, परंतु पैशाची वाट पाहणारी आई, दुकानाची उधारी आणि दाराशी उभा राहणारा सावकार बदललेला नाही.

हा पैसा नेमका कोणाचा, असा प्रश्न मी विचारला तर आपण म्हणाल, ज्याने घाम गाळला त्याचा. नीतीने पाहता हे उत्तर बरोबर आहे. परंतु व्यवहारात काय घडते, हे एका माणसाच्या हिशेबावरून आपणांस दाखवावे असे मला वाटते. तो माणूस आपल्या गावचा नाही, आपल्या देशाचाही नाही. तरी त्याचा हिशेब ऐकताना पुष्कळांना तो आपल्याच घरचा वाटेल.

२०२५ सालच्या फेब्रुवारीत आम्ही काही उपासक तथागतांच्या जन्मस्थानाच्या दर्शनास गेलो होतो. गोरखपूरपर्यंत रेल्वेने, तेथून सोनौलीच्या सीमेपर्यंत मोटारीने असा तो मार्ग आहे. भारत आणि नेपाळ यांच्यातील १९५० च्या तहामुळे दोन्ही देशांच्या नागरिकांना परस्परांकडे जाण्यास व्हिसा लागत नाही. सीमा ओलांडली की भैरहवा गाव लागते आणि तेथून लुंबिनी सुमारे बावीस किलोमीटर आहे. भैरहव्याहून आम्ही साध्या बसने निघालो. वाटेत बसचे चाक पंक्चर झाले आणि सर्व उतारू रस्त्याकडेच्या एका चहाच्या टपरीवर थांबले. तेथे माझ्या शेजारी एक तिशीतला तरुण बसला होता. पायाशी दोरीने करकचून बांधलेली मोठी बॅग, तिच्यावर विमान कंपनीची चिकटपट्टी तशीच. रात्रभराच्या बसप्रवासाने डोळे लाल झालेले. कतार देशातून तो काठमांडूस उतरला होता आणि तेथून गावी चालला होता. तराईतील तो रहिवासी असल्यामुळे त्याची बोली आम्हांस कळत होती व आमचे हिंदी त्याला कळत होते.

तीन वर्षांनी तो घरी जात होता. घरी म्हातारी आई, पत्नी, शाळेत जाणारा मुलगा आणि अडीच वर्षांची मुलगी. ह्या मुलीचा जन्म तो गेल्यानंतर झाला होता. तिला त्याने मोबाईलच्या काचेतच पाहिले होते. "ती मला ओळखेल का, भय्या?" असे त्याने मला विचारले. मजजवळ ह्याला उत्तर नव्हते. मी त्याला चहा घेण्याचा आग्रह केला, एवढेच.

मी कोण, कुठला, हे त्याने विचारले. मी महाराष्ट्रातील बौद्ध आहे आणि माझ्या आजोबांना गावाच्या विहिरीवर पाणी भरू देत नसत, असे सांगितले. तेव्हा तो किंचित थबकला, मग म्हणाला, "मग आपण एकाच बाजूचे." तोही तराईतील अस्पृश्य गणलेल्या जातीचा होता. नेपाळात १८५४ च्या मुलुकी ऐन ह्या कायद्याने जातींची उतरंड सरकारी लेखात बांधून टाकली होती. १९६३ साली नव्या मुलुकी ऐनाने जातिभेदाची कायदेशीर मान्यता काढली आणि २०११ साली अस्पृश्यता पाळणे हा शिक्षापात्र गुन्हा ठरविणारा स्वतंत्र कायदा झाला. तरीही ह्या तरुणाने सांगितलेली गोष्ट ऐका. दोहा शहराबाहेरच्या मजूर-छावणीत बांगला, हिंदी, फिलिपिनी असे अनेक देशांचे कामगार होते. त्यांपैकी कोणी त्याची जात विचारली नाही. विचारली ती त्याच्याच देशाच्या मुकादमाने, आणि तीही आडनावावरून. समुद्र ओलांडला म्हणून जात मागे राहतेच असे नाही.

आता त्याचा हिशेब. तो मी त्याच्याच तोंडून ऐकून वहीत टिपून घेतला आहे.

वडील वारले तेव्हा त्यांच्या औषधोपचारासाठी आणि नंतर बिरादरीला घालाव्या लागलेल्या तेरहीच्या जेवणासाठी चार कठ्ठे जमीन गहाण पडली. ती सोडवायची तर रोख पैसा हवा. गावात मजुरी बारमाही नाही. तेव्हा परदेशी पाठविणारा दलाल दारात आला. त्याने कतारमध्ये महिना १,५०० रियाल पगाराचे काम सांगितले आणि त्याबद्दल १,६०,००० नेपाळी रुपये मागितले. नेपाळी १६० रुपये म्हणजे आपले १०० रुपये, हा दर १९९३ पासून कायम आहे. अर्थात ही रक्कम आपल्या एक लाख रुपयांची झाली. ती गावच्या सावकाराने दिली. व्याज शेकडा दरमहा तीन. म्हणजे पहिल्या दिवसापासून महिन्याला ४,८०० रुपये.

विमानात बसण्याच्या आदल्या रात्री काठमांडूत त्याच्या हाती दुसराच कागद आला. त्यावर पगार १,००० रियाल होता. परत फिरावे तर कर्ज डोक्यावर. त्याने अंगठ्याऐवजी सही केली, कारण तो आठवीपर्यंत शिकला होता. परंतु त्या सहीत आणि अंगठ्यात काय फरक राहिला?

तेथे त्याचे काम इमारतींच्या सळया बांधण्याचे. पहिले दोन महिने पगार अडकून राहिला, पुढचे तीन महिने अंगावरची उसनवारी फेडण्यात गेले. पाच महिने घरी काही गेले नाही. सावकाराने २४,००० रुपये व्याज मुद्दलात मिळविले आणि कर्ज १,८४,००० झाले. सहाव्या महिन्यापासून तो दरमहा २२,००० नेपाळी रुपये पाठवू लागला. त्यांपैकी १०,००० रुपयांत घर चाले आणि १२,००० रुपये सावकाराकडे जात. आपल्यापैकी जे हिशेबात तरबेज आहेत त्यांनी घरी जाऊन हा हिशेब करून पाहावा. कर्ज फिटण्यास एकवीस महिने लागले आणि सावकाराच्या घरात सुमारे अडीच लाख रुपये गेले. आधीचे पाच आणि हे एकवीस मिळून सव्वीस महिने झाले. आणि त्याच्या नोकरीचा करार किती दिवसांचा होता? चोवीस महिन्यांचा.

बंधुभगिनींनो, ह्या आकड्यांचा अर्थ नीट समजून घ्या. जी नोकरी त्याने विकत घेतली, तिची संपूर्ण मुदत ती नोकरी विकत घेण्याची किंमत फेडण्यात गेली. वाळवंटातील उन्हात चोवीस महिने सळया बांधल्या, त्यांतून त्याच्या घराला रोजची भाकरी तेवढी मिळाली. उरलेली कमाई दलालाची आणि सावकाराची. त्याने करार वाढवून घेतला म्हणून शेवटच्या दहा महिन्यांत घरी १,२०,००० रुपये साठले. ते पैसे तरी जमीन सोडवण्यास जातील, असे मला वाटले. पण त्याचा धाकटा भाऊ एकोणीस वर्षांचा झाला होता. दलाल पुन्हा दारात आला होता. ह्या वेळी दुबईचे काम, आणि मागणी १,८०,००० रुपयांची. थोरल्याचा विचार असा की साठलेले सर्व पैसे दलालास द्यावेत, साठ हजारच व्याजाने काढावेत, म्हणजे भावाला आपल्याइतके सोसावे लागणार नाही. भावावरील माया ती हीच. परंतु मायेने दिलेला तो पैसाही पुन्हा त्याच तिजोरीत जाणार होता.

नेपाळ सरकारने २०१५ साली कतार, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, ओमान, बहारीन आणि मलेशिया ह्या सात देशांसाठी असा नियम केला की व्हिसाचा आणि विमानाच्या तिकिटाचा खर्च मालकाने करावा. मालक सेवाशुल्क देत नसेल तर मजुराकडून फार तर १०,००० रुपये घ्यावेत. मी हा नियम त्याला सांगू लागलो, तेव्हा तो हसला. नियम त्याला ठाऊक होता. दलालाने त्याला पावती दिली होती ती १०,००० रुपयांचीच, आणि कोणी विचारल्यास एवढेच दिले असे सांगण्याची ताकीदही दिली होती. कायदा कागदावर शाबूत राहिला आणि मजूर लुटला गेला. हे घडते कारण देणारा एकटा असतो, गरजू असतो आणि त्याच्याजवळ लेखी पुरावा नसतो.

कतारचीही गोष्ट अशीच आहे. तेथे आणि बहुतेक आखाती देशांत कफाला नावाची पद्धत होती. तिच्यात परदेशी मजूर एका मालकाशी बांधलेला असे. मालकाच्या संमतीवाचून तो नोकरी बदलू शकत नसे, कित्येकदा देशही सोडू शकत नसे. २०१० साली कतारला फुटबॉलच्या विश्वचषकाचे यजमानपद मिळाले आणि २०२२ साली ते सामने झाले. मधल्या काळात जगभर कामगार संघटनांनी व वृत्तपत्रांनी आवाज उठविला. त्याचा परिणाम म्हणून २०१८ पासून बहुसंख्य मजुरांसाठी देश सोडण्याच्या परवान्याची अट निघाली. २०२० च्या कायद्याने नोकरी बदलण्यासाठी जुन्या मालकाच्या दाखल्याची अट काढली. मार्च २०२१ पासून किमान वेतन १,००० रियाल झाले आणि मालक जेवण देत नसेल तर ३००, राहण्याची जागा देत नसेल तर ५०० रियाल वेगळे देणे त्याला भाग झाले. २०२१ पासूनच १ जून ते १५ सप्टेंबर ह्या काळात सकाळी दहा ते दुपारी साडेतीनपर्यंत उघड्यावरच्या कामाला बंदी आली. हे हक्क कोणाच्या दयेने मिळाले नाहीत, ओरड झाली म्हणून मिळाले. तथापि नोकरी बदलण्याचा हक्क असूनही ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे तो बदलीच्या काळात एक महिनाही बिनपगारी बसू शकत नाही. कफीलाची दोरी कायद्याने सैल केली तरी सावकाराची दोरी त्याच्या गळ्यात राहतेच.

ह्याविषयी तथागतांनी काय सांगितले आहे ते आता पाहू. अंगुत्तर निकायात दारिद्र्याविषयी एक उपदेश आहे. दरिद्री माणूस ऋण काढतो, ऋणावर व्याज चढते, व्याज थकले की तगादा लागतो, तगाद्यामागून पाठलाग आणि पाठलागाच्या शेवटी बंधन. ह्यांतील प्रत्येक पायरी म्हणजे दुःख आहे, असे भगवंत भिक्षूंना सांगतात. गृहस्थाच्या चार सुखांत त्यांनी अनृणसुखाला, म्हणजे कोणाचे देणे नसण्याच्या सुखाला, वेगळे स्थान दिले. ज्या पाच व्यापारांपासून उपासकाने दूर राहावे म्हणून सांगितले, त्यांत माणसांचा व्यापार एक आहे. माणसाचे शरीर विकणे हा जसा व्यापार, तसाच माणसाच्या गरजेची बोली लावणे हाही त्याच जातीचा व्यापार नव्हे काय, ह्याचा विचार आपण करावा.

सिगालोवाद सुत्तात मालकाची मजुराप्रत पाच कर्तव्ये सांगितली आहेत. त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात त्याची शुश्रूषा करावी, विशेष पदार्थ त्याच्याशी वाटून खावेत आणि वेळोवेळी त्याला रजा द्यावी. आजचे कामगार कायदे वाचा आणि ही पाच कर्तव्ये वाचा. कामाचे माफक तास, किमान वेतन, आजारपणाची सोय, भरपगारी रजा, सारे त्यांत बीजरूपाने आहे. कामासाठी मजुराने मालकास वा मध्यस्थास पैसा द्यावा, हे मात्र त्यांत कोठेही नाही.

त्याच दिवशी दुपारी आम्ही लुंबिनीत अशोकाच्या स्तंभापुढे उभे होतो. हा स्तंभलेख १८९६ साली उजेडात आला. अभिषेकाला वीस वर्षे झाल्यावर राजा अशोक स्वतः तेथे आला व त्याने पूजा केली, असे त्यावर कोरलेले आहे. परंतु लेख तेथेच संपत नाही. ह्या ठिकाणी भगवंत जन्मले म्हणून लुंबिनी गावाला बली नावाच्या करातून मुक्त केले आणि उत्पन्नाचा आठवा हिस्साच घेण्याचे ठरविले, असे पुढे लिहिले आहे. चक्रवर्ती राजाला भगवंतांच्या जन्मभूमीचा सन्मान करावयाचा होता. तेव्हा पूजेबरोबरच त्याने गावच्या शेतकऱ्याच्या डोक्यावरचा भार हलका केला. पूजा कशी करावी, ह्याचा दगडावर कोरलेला हा पाठ आहे. ज्या भागातल्या शेतकऱ्याचे ओझे सम्राटाने उतरविले, त्याच भागातील तरुण आज शेकडा तीनच्या व्याजाखाली दबून विमानात बसतात. नेपाळच्या एकूण राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक-पंचमांशाहून अधिक इतका पैसा ह्या परदेशस्थ मजुरांकडून येतो. एका राष्ट्राचा डोलारा त्यांनी सावरून धरला आहे.

आता आपल्या घराकडे वळू. कामासाठी लाच देण्याची प्रथा आपणांस नवी नाही. मुंबईच्या गिरण्यांत जॉबर दस्तुरी घेतल्यावाचून कामावर घेत नसे आणि कामगार सावकाराच्या कर्जात आकंठ बुडालेला असे. मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाच्या १९३१ च्या अहवालात ह्याची नोंद आहे. परमपूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ ह्या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. त्याच काळात, १९४५ साली, त्या खात्याने सेवायोजन कार्यालयांची योजना सुरू केली. तिचे मूळ तत्त्व असे की काम शोधणाऱ्याने नाव नोंदवावे आणि त्यासाठी त्याला एक पैही पडू नये. पुढे घटनेच्या तेविसाव्या कलमाने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांस मनाई केली. दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी बांधकामावर आणलेल्या मजुरांच्या खटल्यात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने ह्या कलमाचा अर्थ आणखी स्पष्ट केला. भुकेपोटी किमान वेतनाहून कमी पैशांत राबावे लागणे, हीदेखील वेठच होय, असा तो निर्णय आहे.

आपली मुलेही आखाती देशांत जातात, आणि पुढेही जातील. त्यांनी जाऊ नये, असे मी म्हणत नाही. गावकुसाबाहेरून शहरात गेलो म्हणूनच आपण माणसांत आलो. स्थलांतर हा आपल्या मुक्तीचा एक मार्ग झाला आहे. परंतु जाताना गहाण पडून जाऊ नका. त्यासाठी काही गोष्टी मी स्पष्ट सांगतो.

परदेशी जाणाऱ्यांसाठी आपल्याकडे १९८३ साली कायदा झाला. त्याखालील नियमांनी नोंदणीकृत भरती-दलालाच्या शुल्काला ३०,००० रुपये व त्यावरील कर अशी मर्यादा घातली. दलालाची नोंदणी आहे की नाही, हे सरकारी ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. ते पाहिल्याखेरीज एक रुपयाही देऊ नका. द्याल तो बँकेतून द्या आणि दिलेल्या पूर्ण रकमेची पावती घ्या. दलाल म्हणेल, पावती कमी रकमेची घे. त्याच क्षणी त्याचे दार सोडा. करारनामा घर सोडण्यापूर्वी वाचा, ज्याला वाचता येते त्याच्याकडून वाचून घ्या आणि एक प्रत घरी ठेवा. विमानतळावर दुसरा कागद पुढे आला तर सही करू नका. पासपोर्ट मालकाच्या स्वाधीन करू नका. प्रवासी भारतीय विमा योजना २००३ पासून आहे. तिचा हप्ता काही शेकड्यांचाच असतो, तो भरल्यावाचून जाऊ नका.

हे झाले जाणाऱ्याचे कर्तव्य. घरी राहणाऱ्यांचे कर्तव्य ह्याहून लहान नाही. त्या तरुणाच्या दुर्दशेचा आरंभ दलालापासून झाला नव्हता, तो तेरहीच्या जेवणावळीपासून झाला होता, हे विसरू नका. आपण धम्मदीक्षा घेतली ती अशा कर्मकांडांतून सुटण्यासाठी. मग मुलाच्या परदेशच्या पैशावर लग्नात बँड, मांडव आणि पाचशे पाने उठवून आपण नव्या नावाने जुनेच कर्ज का काढतो? सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने कमाईचे चार भाग करावेत असे म्हटले आहे. एक उपभोगास, दोन कामधंद्यात आणि एक संकटासाठी राखून ठेवावा. भगिनींनो, हा हिशेब आपण ठेवावयाचा आहे. घरी येणाऱ्या प्रत्येक रुपयाची नोंद वहीत करा. आधी व्याजाचे देणे फेडा, मग मुलांचे शिक्षण, मग बाकीचे. प्रत्येक विहारात अशा कुटुंबांची एक बैठक महिन्यातून एकदा भरली, दलालांची नावे उघडपणे बोलली गेली आणि जाणाऱ्या मुलाच्या खर्चासाठी आपसांत बिनव्याजी निधी जमला, तर सावकाराचे निम्मे दुकान बंद होईल. एकटा गरजू माणूस लुटला जातो. दहा घरांनी मिळून विचारलेल्या प्रश्नाला मात्र दलालास उत्तर द्यावेच लागते.

काम मिळविण्याची किंमत कामगाराने भरावयाची नाही. ती ज्याला काम हवे आहे त्या मालकाने भरावी. एवढे एक तत्त्व आपण मनाशी पक्के धरले, मुलांना शिकविले आणि त्यासाठी संघटित राहिलो, तर परदेशी गेलेल्या आपल्या माणसाची कमाई खरोखर त्याची आणि त्याच्या घराची होईल.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.